दगड नसलेला एल्फिन्स्टन

एडिनबरोहून पूर्वेला पंधरा-सोळा किलोमीटर गेले की ट्रॅनेंट हे जुन्या कोळसाखाणींचे गाव लागते. तिथून नैऋत्येला तीनेक किलोमीटरवर एक लहानसे खेडे आहे. घरे मोजकी, भोवती शेते आणि जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्या पोखरलेल्या खाणी. नकाशात सहज डोळ्यांआड व्हावे एवढेच ते गाव. पण त्याच्या पाटीवरचे नाव वाचून मुंबईचा माणूस जागच्या जागी थबकेल. ते नाव आहे एल्फिन्स्टन.

मुंबईला हा शब्द काळा घोड्याजवळच्या कॉलेजामुळे ठाऊक आहे आणि पश्चिम रेल्वेच्या स्थानकामुळे त्याहून जास्त. गिरणगावातल्या कित्येक पिढ्यांनी "एल्फिन्स्टनला उतरणार का?" असे विचारत लोकलच्या दाराकडे वाट काढली. एल्फिन्स्टन हा कोणी गोरा साहेब होता, एवढे बहुतेकांना माहीत असते. साहेबाच्या आधी ते एका घराण्याचे नाव होते, घराण्याच्या आधी एका गावाचे, आणि गावाच्याही आधी कोणा एका शेतकऱ्याचे. या प्रस्तावनेत जायचे आहे ते त्या शेतकऱ्यापर्यंत, आणि तिथून परत मुंबईकडे.

स्कॉटलंडमधली आडनावे ढोबळमानाने चार वाटांनी आली. काही धंद्यावरून आली, जसे लोहाराचे स्मिथ. स्कॉटलंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आजही तेच आहे. काही बापाच्या नावावरून आली. उत्तरेकडच्या डोंगराळ, गेलिक बोलणाऱ्या मुलखात बापाच्या नावाआधी 'मॅक' लागला, दक्षिणेच्या सपाट प्रदेशात नावामागे 'सन'. काही रंगरूपावरून पडली, जसे ब्राऊन किंवा रीड. चौथी वाट गावावरून येणारी. मराठी माणसाला ही वाट समजावून सांगावी लागत नाही, कारण आपल्याकडचा 'कर' तेच काम करतो. तेराव्या शतकातल्या लॅटिन कागदांत ते काम 'दे' या अव्ययाकडे होते. 'दे एल्फिनिस्टून' म्हणजे सरळ मराठीत एल्फिन्स्टनकर.

फरक एवढाच की तिथे 'दे' लावायचा मान सहसा त्या जमिनीच्या धन्याकडे जाई. गाव आणि घराणे एकाच नावाचे असले, तर स्कॉट लोक त्या धन्याला 'ऑफ दॅट इल्क' म्हणत, म्हणजे त्याच नावाच्या ठिकाणचा. हा मोठा अभिमानाचा किताब होता. एल्फिन्स्टन घराण्याने तो मिळवला, गमावला आणि पुन्हा उभा केला. ती हकीकत पुढे येईल.

हे आडनाव प्रथम कागदावर दिसते ते १२३५ च्या सुमारास, स्विंटन घराण्यातल्या अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाच्या एका दस्तऐवजात. ही नोंद लहान असली तरी तिला एक धागा जोडलेला आहे. स्विंटनांच्या ढालीवर एक कोनपट्टा आणि त्याभोवती रानडुकरांची तीन मुंडकी असतात. एल्फिन्स्टनांच्या ढालीवरही कोनपट्टा आहे आणि रानडुकरांची तीन मुंडकी आहेत. रंग तेवढे वेगळे. मध्ययुगात ढालीवरचे चिन्ह कोणी उगाच उचलत नसे. म्हणून ही दोन घराणी मुळात एकमेकांच्या नात्यातली असावीत, असे वंशावळींचे काही अभ्यासक मानतात. घराण्यात मात्र दुसरीच कथा आवडीने सांगितली गेली. तिच्यानुसार हेल्फेनस्टाइन नावाचे फ्लेमिश सरदार स्कॉटलंडला आले आणि त्यांच्या नावाचे एल्फिन्स्टन झाले. बाराव्या शतकात फ्लेमिश लोक स्कॉटलंडमध्ये वसले हे खरे आहे. या घराण्याच्या बाबतीत कागद मात्र त्या कथेला पाठबळ देत नाहीत. गावाच्या नावावरून आडनाव, ही साधी वाटच इथे पटते.

मग गावाला हे नाव कशावरून पडले? इथे शब्द पाहणाऱ्याला चकवतो. इंग्रजी जाणणाऱ्या कोणालाही त्यात आधी 'स्टोन' दिसतो, म्हणजे दगड. त्याच्या आधीचा 'एल्फिन' ऐकून परीकथांतले एल्फ आठवतात. दोन्ही जुळवले की परीचा दगड असा सुरेख अर्थ तयार होतो आणि माळावरच्या एखाद्या उभ्या शिळेचे चित्र डोळ्यांपुढे येते. पण त्या नावात दगड नाही.

जुन्या कागदांतले रूप 'एल्फिनिस्टून' असे आहे. त्याची फोड होते ती 'एल्फिन', मग षष्ठीचा 'स', आणि शेवटी 'टून'. जुन्या इंग्रजीत टून म्हणजे कुंपण घातलेले शेत, वस्ती, आपल्या भाषेत वाडी. आजचा 'टाऊन' याच टूनपासून झाला, आणि स्कॉट बोलीत शेतकऱ्यांच्या वस्तीला पुढेही कित्येक शतके 'टून' म्हणत. 'स' टूनला चिकटला, लिहिणाऱ्यांनी त्या टोकाला ओळखीच्या शब्दाचे रूप दिले आणि वाडीचा दगड झाला. असे एकट्या एल्फिन्स्टनचे झालेले नाही. आफ्रिकेतल्या प्रवासांमुळे जगाला माहीत झालेले लिव्हिंगस्टन हे आडनावही पश्चिम लोदियनमधल्या लेव्हिंग नावाच्या माणसाच्या वाडीवरून आले आहे. जॉन्स्टन म्हणजे जॉनची वाडी. सावंतवाडीच्या नावाची फोड करता येणाऱ्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. माणूस आणि त्याची वस्ती, इतकेच तिच्यात आहे.

उरतो एल्फिन. त्याच्याविषयी दोन मते आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. एका मताने हा आल्फविन नावाचा कोणी अँगल, म्हणजे जुने इंग्रजी बोलणारा शेतकरी. आल्फविन हे जुन्या इंग्रजीतले रूढ पुरुषनाम. त्यात 'आल्फ' म्हणजे तोच अद्भुत जीव एल्फ आणि 'विन' म्हणजे मित्र. दुसऱ्या मताने नाव त्याहून जुने, केल्टिक वळणाचे आहे. इंग्रजी येण्यापूर्वी लोदियनमध्ये, म्हणजे या गावाच्याच मुलखात, गोदोदिन लोकांचे राज्य होते आणि त्यांची भाषा वेल्शची बहीण होती. तिच्या खुणा आजूबाजूच्या गावांच्या नावांत आजही सापडतात. ट्रॅनेंट या नावातच त्या भाषेतले वस्तीवाचक 'त्रेव्ह' आणि दरी किंवा ओढ्याचा 'नान्त' लपलेले आहेत. एल्फिन हे त्या भाषेतलेही नाव होते. वेल्श दंतकथेत मासे धरायच्या बांधात अडकलेला तालिएसिन हा बालकवी ज्या राजपुत्राच्या हाती लागतो, त्याचे नाव एल्फिनच. पिक्ट आणि गेल लोकांचा अल्पिन हा याच नावाचा भाऊबंद. स्कॉटलंडचा पहिला राजा म्हणून ज्याला परंपरा ओळखते, त्या केनेथच्या बापाचे नाव अल्पिन होते.

लोदियनचा इतिहास पाहिला की ही दोन मते एकमेकांना पाडत नाहीत असे वाटू लागते. सातव्या शतकापासून तिथे अँगल लोक आले आणि जुने रहिवासी कुठे नाहीसे झाले नाहीत. केल्टिक नावाच्या माणसाच्या वस्तीला इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांनी आपल्या भाषेत 'टून' म्हणणे हे त्या मुलखात अगदी स्वाभाविक होते. एका आडनावात दोन भाषांचा शेजार हजारएक वर्षे टिकून राहिला असेल, तर ती कल्पना परीच्या दगडाहून जास्त सुंदर आहे.

एवढे जुने आडनाव आणि तरी ते दुर्मीळ का? कारण त्याचे मूळ एका जागी आहे. टेलर किंवा विल्सन गावोगावी स्वतंत्रपणे तयार झाले. उत्तरेकडच्या डोंगरी टोळ्यांत आश्रयाला आलेली कुळेही सरदाराचे नाव लावत, म्हणून मॅकडोनल्ड आणि कॅम्पबेल वाढत गेले. दक्षिणेच्या सखल मुलखात ही रीत तेवढी नव्हती. एल्फिन्स्टन एका गावातून निघाले, एका घराण्याने आणि त्याच्या शाखांनी सांभाळले, आणि जिथे मुलगा झाला नाही तिथे थांबले.

एकदा तर ते मूळ गावातच थांबले. १४३५ मध्ये पायपरडीनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन मारला गेला. मागे मुलगी होती, अ‍ॅग्नेस. तिचे लग्न गिल्बर्ट जॉन्स्टनशी झाले आणि एल्फिन्स्टनची जमीन जॉन्स्टनांकडे गेली. एका वाडीच्या नावाचे घराणे दुसऱ्या वाडीचे धनी झाले. गावातला प्रसिद्ध मनोरा त्यांच्याच काळात उभा राहिला. १५४६ च्या जानेवारीत धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला पकडल्यावर त्याच मनोऱ्यात कार्डिनल बीटनसमोर आणले गेले. पुढे मार्च महिन्यात सेंट अँड्र्यूज इथे त्याला जाळण्यात आले. स्कॉटलंडच्या धर्मक्रांतीचा पुढारी जॉन नॉक्स हा विशार्टचा शिष्य, त्यामुळे तिच्या इतिहासात या खेड्याचे नाव कायमचे राहिले.

एल्फिन्स्टनांचा पुरुषवंश गेला स्टर्लिंगजवळच्या एअर्थ परिसरात. गाव गेले तरी 'ऑफ दॅट इल्क' हा मान त्यांना सोडवेना. म्हणून त्यांनी नव्या जमिनीलाच एल्फिन्स्टन नाव दिले आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी तिथे आपला मनोरा बांधला. आधी गावाने घराण्याला नाव दिले होते. आता घराण्याने गावाला ते परत दिले. आडनावांच्या इतिहासात याहून बोलका प्रसंग क्वचितच सापडेल.

या नव्या एल्फिन्स्टनच्या अलेक्झांडरला चौथ्या जेम्स राजाने १५१० मध्ये लॉर्ड केले. तीनच वर्षांनी, ९ सप्टेंबर १५१३ ला, फ्लॉडनच्या रणांगणात राजाबरोबर तोही पडला. तो चेहऱ्यामोहऱ्याने राजासारखा होता, असे परंपरा सांगते. त्याचा मुलगा, दुसरा लॉर्ड, १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत मारला गेला. पिंकीचे मैदान मूळ गावापासून हाकेच्या अंतरावर आहे.

पण या नावाचा पहिला मोठा माणूस तलवारीचा नव्हता. विल्यम एल्फिन्स्टन १४३१ मध्ये ग्लासगोत जन्मला. बाप धर्मगुरू, त्यामुळे जन्म विवाहबाह्य. चर्चमध्ये पदे मिळवण्यासाठी त्याला पोपची खास परवानगी लागली. तोच पुढे अ‍ॅबर्डीनचा बिशप झाला. १४९५ मध्ये पोप सहाव्या अलेक्झांडरकडून आज्ञापत्र मिळवून त्याने अ‍ॅबर्डीनचे विद्यापीठ स्थापले आणि तिथे वैद्यक शिकवायला अध्यापक नेमला. इंग्रजी बोलणाऱ्या जगातले ते वैद्यकाचे पहिले अध्यासन मानले जाते. स्कॉटलंडमध्ये छापखाना यावा म्हणून त्याने राजाला गळ घातली. १५०७ मध्ये चेपमन आणि मिलर या दोघांना परवाना मिळाला, आणि १५१० मध्ये त्याचे 'अ‍ॅबर्डीन ब्रेव्हियरी' हे प्रार्थनापुस्तक एडिनबरोत छापून झाले. त्यात त्याने स्कॉटलंडच्या स्वतःच्या संतांना जागा दिली. फ्लॉडनच्या पुढच्याच वर्षी तो वारला. आज अ‍ॅबर्डीन विद्यापीठात लोकगीते, बोली आणि लोककथांचा अभ्यास करणारी जी संस्था आहे, तिचेही नाव एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट असे आहे. दूरच्या एका बंदरात याच आडनावाचे कॉलेज उभे राहण्यापूर्वी तीन शतके या आडनावाने एक विद्यापीठ उभे केले होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मधली शतके भराभर ओलांडता येतील. एका धाकट्या शाखेला लॉर्ड बाल्मेरिनो हा किताब मिळाला. तिचा सहावा लॉर्ड, आर्थर एल्फिन्स्टन, स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूने १७४५ च्या उठावात उतरला आणि १८ ऑगस्ट १७४६ ला लंडनच्या टॉवर हिलवर शिरच्छेदाला सामोरा गेला. मरताना अंगात आपल्या पलटणीचा निळा कोट होता. त्याच वर्षी जन्मलेला जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन मात्र उठाव ज्याच्याविरुद्ध होता त्याच ब्रिटिश राजघराण्याच्या आरमारात अ‍ॅडमिरल झाला. शरण आलेल्या नेपोलियनला सेंट हेलेनाला पाठवण्याची कामगिरी १८१५ मध्ये त्याच्यावर आली. एका आडनावाला बंड आणि निष्ठा दोन्हींसाठी जागा होती.

या अ‍ॅडमिरलचे दोन पुतणे हिंदुस्थानात आले. मोठा माउंटस्टुअर्ट, ६ ऑक्टोबर १७७९ चा, अकराव्या लॉर्डचा मुलगा. धाकटा विल्यम, १७८२ चा. माउंटस्टुअर्ट १८०९ मध्ये पेशावरला अफगाण राजा शाह शुजाच्या दरबारी वकील म्हणून गेला आणि त्या देशावर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. तीस वर्षांनी इंग्रजांनी त्याच शुजाला पुन्हा गादीवर बसवायला सैन्य पाठवले, तेव्हा म्हाताऱ्या माउंटस्टुअर्टला तो बेत मुळीच पटला नव्हता. त्या सैन्याचा काबूलमधला सेनापती म्हणून १८४१ मध्ये नेमला गेला त्याचाच चुलतभाऊ विल्यम, संधिवाताने खचलेला. ६ जानेवारी १८४२ ला सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार नोकरचाकर बर्फातून जलालाबादकडे निघाले. १३ जानेवारीला तिथे डॉक्टर ब्रायडन घोड्यावरून पोचला, एकटा. विल्यम एप्रिलमध्ये कैदेत वारला. इंग्रजी लष्करी इतिहासात एल्फिन्स्टन हे नाव त्या वाताहतीशी जोडले गेले आहे.

महाराष्ट्रात ते थोरल्या भावाशी जोडले गेले. १८११ मध्ये तो पुण्यात रेसिडेंट म्हणून आला. जुन्या मराठी कागदांनी त्याचे 'अल्पिष्टन' केले; जोडाक्षराचा गुंता सोडवून मराठी जिभेने आपल्यापुरती वाट काढली, जशी पुढे मुंबईने 'एल्फिस्टन' म्हणून काढली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई पेटली तेव्हा मुळा-मुठेच्या संगमावरचे त्याचे घर जळाले आणि त्यात त्याची पुस्तके गेली. पुढच्या काही महिन्यांत पेशवाई संपली, ती संपवणाऱ्यांत तो आघाडीवर होता. हे विसरून त्याचे कौतुक करणे योग्य नाही. पण १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबाग वाड्यात त्याने संस्कृत पाठशाळा सुरू करवली, आणि १८१९ ते १८२७ या आपल्या गव्हर्नरकीत शाळा व मराठी पाठ्यपुस्तके यांच्यामागे तो लागून राहिला, हेही तितकेच खरे. तो निघाला तेव्हा मुंबईच्या लोकांनी सव्वादोन लाखांहून अधिक रुपये जमवले ते त्याच्या नावे शिक्षण चालू राहावे म्हणून. त्या निधीतून वाढलेल्या संस्थेत बाळशास्त्री जांभेकरांनी शिकवले, दादाभाई नौरोजी गणिताचे प्राध्यापक झाले, न्यायमूर्ती रानडे घडले. विसाव्या शतकात तिथूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ मध्ये बी.ए. केले.

स्थानकाचे नाव मात्र त्याच्यावरून नाही. ते आहे त्याच्या पुतण्यावरून. जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. १८५७ चा वणवा त्याच्याच कारकिर्दीत पेटला. फोर्टमधल्या गोल बागेलाही पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल म्हणत, ते त्याच्यासाठी. आज तिला पत्रकार बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव आहे. त्या बागेसमोरच्या टाऊन हॉलमध्ये चँट्रीने घडवलेला काकाचा पुतळा उभा आहे, म्हणजे काका आत आणि पुतण्या बाहेर.

दोघांत एक साम्य आहे. दोघेही अविवाहित राहिले. माउंटस्टुअर्ट १८५९ मध्ये सरे परगण्यात वारला, पुतण्या पुढच्याच वर्षी. मुंबईला ज्या दोन माणसांनी हे आडनाव दिले, त्यांच्यामागे ते लावायला स्वतःचे मूल नव्हते. किताब दुसऱ्या नातलगांकडे वळला. आडनाव मात्र शाळेच्या दाखल्यांवर, पदवीच्या कागदांवर आणि रेल्वेच्या पासावर छापले जात राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला त्याच स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे मेली, तेव्हा हे नाव साऱ्या देशाने दुःखाने उच्चारले. २०१८ च्या जुलैमध्ये पाटी बदलली आणि तिथे जवळच्या देवीचे नाव आले, प्रभादेवी. स्थानिक ग्रामदेवतेचे नाव त्या जागेला शोभते. ट्रॅनेंटजवळच्या वाडीनेही आपल्याच एका रहिवाशाचे नाव धरून ठेवले होते.

स्कॉटलंडमध्ये घराणे फिरून जवळजवळ आरंभाला आले. एअर्थची जमीन अठराव्या शतकात डनमोरच्या अर्लला विकली गेली. पुढे लग्नसंबंधातून मसलबरोजवळचा कारबेरी वाडा हाती आला. मूळ गाव तिथून जवळच आहे. सोळाव्या लॉर्डने १९१० मध्ये मेरी बोज-लायनशी लग्न केले. ती दुसऱ्या एलिझाबेथ राणीची मावशी. त्यामुळे राणीची लहानपणची खेळगडी एल्फिन्स्टनच होती. १९६१ मध्ये कारबेरीही चर्चला दिला गेला.

आणि गावातला तो मनोरा? त्याच्याखालून कोळसा काढता काढता जमीन खचत गेली, जाड भिंतींना तडे गेले आणि १९५५ मध्ये त्याचा बहुतेक भाग पाडावा लागला. एल्फिन्स्टनांच्या कुलचिन्हावर, शिरस्त्राणाच्या वर, लाल वस्त्रे ल्यालेली एक स्त्री आहे. तिच्या डाव्या हातात लॉरेलची फांदी आहे आणि उजव्या तळहातावर एक मनोरा, अखंड.